पाण्याच्या पोटातली लाट

आमच्या महूला समुद्र नाही. असायचं कारणही नाही. जानापावच्या डोंगरावर पडलेला पाऊस एका उतारानं चंबळेतून यमुनेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो, दुसऱ्या उतारानं नर्मदेतून अरबी समुद्राला. समुद्राशी आपलं नातं एवढंच, पाणी पाठवण्याचं. तरीही समुद्राच्या पोटातल्या एका गोष्टीचा नमुना इथल्या माणसाला बघायला मिळतो. थंडीत पहाटे जाम गेटला जाऊन उभं राहा. निमाडाच्या बाजूची दरी कधीकधी धुक्यानं काठोकाठ भरलेली असते आणि आपण वर स्वच्छ हवेत. खालची हवा गार आणि जड, वरची त्या मानानं ऊबदार आणि हलकी. दोन्हींच्या सीमेवर धुक्याची साय हळूच फुगते, पुढे सरकते, बसते. ती लाट असते. धुकं आहे म्हणून दिसते एवढंच. धुकं नसतं तरी ती चालली असती, आपल्याला पत्ता लागला नसता.

समुद्रातही हेच होतं. वर हलकं पाणी, खाली जड पाणी, आणि दोन्हींच्या सीमेवर चालणाऱ्या लाटा. त्यांना अंतर्गत लाटा म्हणतात. तिथं धुकं नसतं, त्यामुळे शेकडो वर्षं दर्यावर्दी त्यांच्यावरून गेले आणि कुणालाच कळलं नाही. कळायची सुरुवात झाली ती उत्तर ध्रुवाजवळच्या एका सामुद्रधुनीत, एका अडलेल्या जहाजामुळे. त्या जहाजावर फ्रिट्यॉफ नान्सेन होता. नान्सेन म्हटलं की कुणाला ध्रुवप्रवासी आठवतो, कुणाला शांततेचं नोबेल. मला मात्र तो आठवतो जहाज का अडलं हे विसरू न शकलेला माणूस म्हणून. त्याचीच ही गोष्ट.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, आजच्या ऑस्लोजवळच्या स्टोरे फ्रोएन इथला. वडील वकील, शिस्तीचे. आई स्की करणारी. त्या काळी चांगल्या घरातल्या बाईनं बर्फावर घसरत जाणं लोकांना रुचत नसे, पण तिनं पोरांनाही तेच शिकवलं. पोरगा रानात दिवसचे दिवस एकटा काढायचा. पुढे प्राणिशास्त्र घेतलं, तेही बहुतेक बाहेर हिंडायला मिळेल म्हणून. १८८२ साली, विसाव्या वर्षी, तो सील मारणाऱ्या एका जहाजावर चढून ग्रीनलंडच्या समुद्रात गेला. जहाज बर्फात अडकलं. बाकीचे वैतागले असतील. हा पाण्याचं तापमान मोजत बसला आणि लांबवर दिसणाऱ्या ग्रीनलंडच्या किनाऱ्याकडे बघत राहिला.

परत आल्यावर बर्गनच्या संग्रहालयात नोकरी लागली. तिथं सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. हा भाग सहसा कुणी सांगत नाही, कारण त्यात अस्वलं नाहीत. पण तो महत्त्वाचा आहे. बारक्या समुद्री जिवांच्या मज्जातंतूंवर त्यानं काम केलं. मज्जापेशींचं एकच सलग जाळं असतं असं बहुतेक शास्त्रज्ञ मानत. त्या वेगवेगळ्या असाव्यात असं म्हणणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत हा होता. १८८८ साली डॉक्टरेटची परीक्षा दिली आणि काही दिवसांतच ग्रीनलंड ओलांडायला निघाला. सहा माणसं, स्की आणि हातानं ओढायच्या घसरगाड्या. पूर्वेच्या ओसाड किनाऱ्यावरून पश्चिमेच्या वस्तीकडे जायचं ठरवलं, म्हणजे परत फिरण्यात अर्थच उरणार नाही. लोकांना हा आत्मघात वाटला. ते पार झाले, हिवाळा तिकडेच काढला आणि १८८९ च्या मे महिन्यात घरी आले तेव्हा नान्सेन देशाचा लाडका झाला होता. त्याच वर्षी एव्हा सार्सशी लग्न झालं. ती गायिका होती, आणि तिचे वडील समुद्री जिवांचे मोठे अभ्यासक.

आता फ्राम.

१८८१ साली जेनेट नावाचं अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं होतं. तीन वर्षांनी त्याचं सामान ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर वाहत आलं. त्यात एका खलाशाची मेणकापडाची विजारही होती म्हणे. हेन्रिक मोन या नॉर्वेजियन हवामानशास्त्रज्ञानं लिहिलं की हे सामान ध्रुवाकडच्या समुद्रातूनच आलं असलं पाहिजे. नान्सेननं ते वाचलं आणि त्याच्या डोक्यात सरळ विचार आला: विजार जाऊ शकते तर जहाज का नाही? बर्फाशी झगडायचं नाही, बर्फात मुद्दाम अडकायचं आणि तो नेईल तिकडे जायचं. लंडनच्या भूगोल संस्थेत त्यानं ही योजना मांडली तेव्हा ध्रुवप्रदेशात जाऊन आलेल्या जुन्या जाणत्यांनी माना हलवल्या, पण आडव्या. तो ऐकणारा नव्हता. कॉलिन आर्चर या जहाज बांधणाऱ्याकडून त्यानं गोल पोटाचं, जाड लाकडाचं जहाज करवून घेतलं. ओली साबणाची वडी मुठीत दाबली की वर सटकते ना, तसं बर्फानं दाबलं की जहाज वर उचललं जावं, ही कल्पना. लांबी सुमारे ३९ मीटर, रुंदी ११. उघड्या समुद्रावर ते टोपल्यासारखं डोलायचं आणि सगळ्यांना ओकाऱ्या व्हायच्या. फ्राम म्हणजे पुढे. १८९३ च्या जूनमध्ये ते ऑस्लोहून निघालं. जहाजावर तेरा माणसं होती.

त्या पुढे नावाच्या जहाजाला ऑगस्टच्या अखेरीस पुढे जाता येईना. सैबेरियाच्या उत्तरेला कारा समुद्र ओलांडून ते तैमिर किनाऱ्याशी आलं होतं. तिथं बेटांचा पुंजका आहे, मधे अरुंद सामुद्रधुनी. बर्फ वाट अडवण्याइतका नव्हता, समुद्र ताटासारखा सपाट. एंजिन पूर्ण जोरात. आणि जहाज जणू चिखलातून चाललंय. हलक्या मालानिशी शांत पाण्यात ६-७ नॉट जाणारं जहाज इथं दीड नॉटही धरेना, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षा कमी. सुकाणू फिरवलं तरी नीट ऐकेना. त्यांनी वळसे घेतले, जहाज उलटं फिरवलं, नाना खटपटी केल्या. काही उपयोग नाही. मग एखादी जागा आली की आपोआप सुटका.

नॉर्वेच्या खलाशांना हा प्रकार ठाऊक होता. फियॉर्डांच्या तोंडाशी, जिथं नदीचं पाणी समुद्रावर पसरतं, तिथं जहाजं अशी धरली जात. ते त्याला मेलेलं पाणी म्हणत. उपाय ऐकलेत तर हसाल: सगळ्या खलाशांनी डेकवर पुढून मागे आणि मागून पुढे पळायचं, पाण्यावर तेल ओतायचं, वल्ह्यांनी पाणी बडवायचं, पाण्यात बंदुकीचे बारही काढायचे. पाणी जहाजाला चिकटून ओढलं जातं असा समज होता. त्याआधी दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लेखकानं, प्लिनीनं, जहाजाला चिकटून ते थांबवणाऱ्या एका छोट्या माशाला दोष दिला होता. आपल्याकडे लिंबू-मिरची बांधली असती. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: खलाशांचं निरीक्षण खरं होतं, चुकीचं होतं ते फक्त कारण. शहरातल्या पंडितांनी मात्र निरीक्षणालाच थापा ठरवून सोडून दिलं होतं.

नान्सेननं दोन्ही केलं नाही. जहाज अडलेलं असताना त्यानं वहीत काय काय लिहिलं ते बघा. वेग किती, कुठे धरलं, कुठे सुटलं. मागे पाण्यावर कशा रेघा उमटतात. आणि एक घरगुती वाटणारी गोष्ट: वरून बादलीनं काढलेलं पाणी पिता येण्याइतकं गोड होतं, आणि जहाजाच्या तळाच्या तोटीतून येणारं पाणी बॉयलरलाही चालणार नाही इतकं खारट. एकाच जागी, काही हातांच्या फरकानं. वर सैबेरियाच्या मोठमोठ्या नद्यांनी आणि वितळत्या बर्फानं आणलेलं पाणी, खाली मूळ समुद्र. किल्ली तिथं होती. पण कुलूप त्याला स्वतःला उघडता येत नव्हतं, आणि हे त्याला कळत होतं.

पुढची तीन वर्षं जगाला पाठ आहेत, म्हणून भरभर सांगतो. सप्टेंबरात फ्राम बर्फात गोठलं आणि साबणाची वडी खरंच वर सटकली. बर्फाबरोबर ते वाहू लागलं, पण ध्रुवापासून लांबून. म्हणून मार्च १८९५ मध्ये नान्सेन जहाज ऑटो स्वेरड्रुपच्या हाती सोपवून यालमार योहान्सेनबरोबर उतरला. दोन माणसं आणि २८ कुत्री. ८ एप्रिलला ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कुणी गेलं नव्हतं. मग परत. कुत्री एकेक करून मारावी लागली. एका निर्जन बेटावर दगड, वॉलरसची कातडी आणि शेवाळ यांच्या खोपटात दोघं नऊ महिने राहिले, अस्वलाचं मांस खाऊन. एका पांघरुणाच्या थैलीत झोपणारी ही दोन माणसं एकमेकांना अहो-जाहो करत होती! १८९५ चं साल संपताना नान्सेननं आता अरे-तुरे करू या असं सुचवलं, असं सांगतात. जून १८९६ मध्ये एका इंग्रज मोहिमेची अचानक गाठ पडली आणि ते वाचले. १३ ऑगस्टला ते नॉर्वेला पोचले आणि त्याच दिवशी, इकडे कुणाला माहीत नसताना, फ्राम स्पिट्सबर्गेनजवळ बर्फातून सुटलं. तेराच्या तेरा जण जिवंत परतले.

लोकांनी हार घातले. नान्सेननं वह्या उघडल्या. बर्फाखालचा समुद्र उथळ असेल असा त्याचाही समज होता. तो तीन हजार मीटरांहून खोल निघाला. मोजायला पुरेशी दोरी नव्हती म्हणून जहाजाच्या पोलादी दोराचे पीळ उलगडून त्यांनी लांब तार केली होती. आणखी एक शोध त्याहून मोठा: वर गोठणबिंदूजवळचं गार, कमी खारं पाणी, पण सुमारे दोनशे मीटरांखाली अटलांटिकमधून आलेलं शून्याच्या वरचं, जास्त खारं पाणी. बर्फाच्या खाली ऊब दडून बसलेली. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचं आहे.

मेलेल्या पाण्याचा प्रश्न त्यानं १८९८ मध्ये विल्हेल्म बियर्क्नेस या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकापुढे ठेवला. बियर्क्नेसनं तर्क केला की जहाज दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवत असावं, आणि तपासायचं काम व्हाग्न वाल्फ्रिड एकमान या आपल्या विद्यार्थ्याला दिलं. एकमाननं काचेची टाकी घेतली, खाली खारं पाणी, वर गोडं, आणि फ्रामची छोटी प्रतिकृती दोरीनं ओढली. वरचं पाणी सपाट. खालच्या सीमेवर मात्र जहाजामागे मोठाल्या लाटा.

हे घरी करता येतं. मी केलं. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात दोन थेंब शाई, आणि वर हळूच गोडेतेल, बरणी गळ्यापर्यंत भरून. झाकण लावा, आडवी धरा, एक बाजू उचला. तेल-पाण्याच्या सीमेवरची लाट किती आळसानं उठते बघा, आणि किती उंच. पाणी हवेपेक्षा आठशेपट जड, म्हणून पृष्ठभागावरच्या लाटेला गुरुत्वाकर्षण झटकन खाली ओढतं. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातला फरक जेमतेम दोन-तीन टक्के. म्हणून थोड्या धक्क्यानं मोठी लाट उठते, आणि ती संथ चालते. फ्रामचं पोट नेमकं त्या सीमेच्या आसपास होतं. एंजिनाची ताकद जहाज ढकलण्याऐवजी त्या न दिसणाऱ्या लाटा उठवण्यात खर्च होत होती. जहाज त्या लाटेपेक्षा जोरात पळू शकलं तर सुटका, हळू जाणारं असेल तर अडकलं. आपल्याच उठवलेल्या लाटेत. (घरच्यांना तेल वाया गेलेलं आवडलं नाही.)

एकमानचा प्रबंध १९०४ साली नान्सेनच्या मोहिमेच्या ग्रंथमालेत छापला गेला. नान्सेनचा मोठेपणा मला इथं जास्त दिसतो, ८६ अंशांपेक्षाही. कोडं त्यानं पाहिलं, टिपलं, अकरा वर्षं जपलं आणि उत्तरावर नाव दुसऱ्याचं लागू दिलं. बर्फ वाऱ्याच्या दिशेनं न जाता उजवीकडे कलून जातो, हेही त्याचंच निरीक्षण. त्याचं गणितही एकमाननंच सोडवलं आणि आज प्रत्येक समुद्रविज्ञानाच्या पुस्तकात एकमानचं नाव आहे.

पण प्रश्न इथं मिटला नाही, उलट त्यालाच येऊन चिकटला. १९०० नंतर त्यानं समुद्रविज्ञानालाच वाहून घेतलं. ठरावीक खोलीवरचं पाणी आणि तापमान पकडून आणणारी धातूची नळी बनवली. नान्सेन बाटली म्हणून ती पुढे कित्येक दशकं जगभर वापरात होती. ब्योर्न हेलान-हान्सेनबरोबर त्यानं नॉर्वेजियन समुद्राचे थर मोजून नकाशे केले. १९०९ साली ते पुस्तक आलं. त्यात एक अडचणीची गोष्ट दोघांनी लपवली नाही: त्याच जागी काही तासांनी पुन्हा मोजलं तर थर वर किंवा खाली सरकलेला सापडे. म्हणजे पाण्यात प्रचंड लाटा होत्या, आणि जहाजानं एकदाच मोजून पुढे जायचं ठरवलं तर कुठला थर कुठे आहे हे सांगताना फसगत होणार. स्वतःच्याच नकाशांवर शंका घेणारी ही कबुली होती. या लाटा कशा होतात ते शोधणं हा समुद्रविज्ञानाचा तातडीचा प्रश्न आहे, असं दोघांनी बजावून ठेवलं.

त्याला स्वतःला तो सोडवायला सवड मिळाली नाही. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्या धामधुमीत तो पुढे होता. मग १९०६ पासून दोन वर्षं लंडनमध्ये राजदूत. तिथं असतानाच १९०७ च्या डिसेंबरात एव्हा आजारी पडली. तो निघाला, पण पोचण्याआधी ती गेली होती. दक्षिण ध्रुवावर जायचं त्याचं स्वप्न होतं. फ्राम मात्र अमुंडसेननं मागितलं आणि त्यानं दिलं. योहान्सेन त्या मोहिमेत गेला, अमुंडसेनशी भांडला, परत आला आणि १९१३ मध्ये त्यानं स्वतःला गोळी घालून घेतली. नऊ महिने एका थैलीत झोपलेला सोबती. चरित्रकार या ओळीवरून पटकन पुढे जातात. मला नाही जाता येत, पण याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडेही नाही.

महायुद्धानंतर राष्ट्रसंघानं त्याला बोलावलं. १९२० पासून दोनेक वर्षांत त्यानं चार लाखांहून जास्त युद्धकैदी घरी पोचवले. मग रशियातला दुष्काळ, मग देश हरवलेली माणसं. क्रांतीनंतर लाखो रशियनांकडे कुठल्याच सरकारचा कागद नव्हता. कागद नाही म्हणून काम नाही, सीमा ओलांडता येत नाही. १९२२ मध्ये त्यानं त्यांच्यासाठी ओळखपत्र काढलं, तोच नान्सेन पासपोर्ट. पुढे पन्नासहून जास्त देशांनी तो मानला. त्याच वर्षी नोबेल मिळालं, तो पैसाही मदतीच्या कामात गेला. इथंही त्याची पद्धत तीच दिसते: माणसं अडली आहेत, वरून काही दिसत नाही, मग अडलंय कुठे ते आधी शोधा.

१३ मे १९३० रोजी, ऑस्लोजवळच्या आपल्या घरी, तो गेला. १७ मे ला, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी, त्याला निरोप दिला. समाधी घराच्या बागेतच आहे.

आता ती दडलेली ऊब. ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गेन यांच्यामधल्या ज्या वाटेनं फ्राम बाहेर आलं, तिला आज फ्राम सामुद्रधुनी म्हणतात. ध्रुवसमुद्राचं खोल पाण्याचं एकमेव दार. अटलांटिकची ऊब त्याच दारातून आत शिरते आणि थंड पाण्याच्या थराखाली जाऊन राहते. ती वर आली तर बर्फ खालून वितळेल. वर आणू शकतील अशा गोष्टींत अंतर्गत लाटा महत्त्वाच्या: किनाऱ्यावरच्या लाटेसारख्या त्याही फुटतात आणि थर घुसळून काढतात. बर्फाचं झाकण असेपर्यंत वारा पाण्याला हलवू शकत नाही, म्हणून तिथल्या लाटा बाकी समुद्रांच्या मानानं शांत असतात. झाकण आता उन्हाळ्यात मागे हटत चाललं आहे. शिवाय एक गंमत अशी की साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या उत्तरेला, पृथ्वीच्या फिरण्यामुळे, चंद्राच्या मुख्य भरतीनं उठवलेली अंतर्गत लाट मोकळेपणी दूर जाऊ शकत नाही. जिथं जन्मली तिथंच आसपास खर्च होते. म्हणून उंचवटे, कडे, सामुद्रधुनी इथंच ती शोधावी लागते. आज उपग्रहांचं रडार बर्फ नसलेल्या जागी तिचे पट्टे वरून टिपतं, आणि तळाशी नांगरलेल्या तारेवरची यंत्रं महिनोन्‌महिने एकाच जागी मोजत राहतात. एकदाच मोजून पुढे जायचं नाही, हा १९०९ चाच धडा.

त्यातली एक तार आपली आहे. स्पिट्सबर्गेनच्या पश्चिमेला, फ्राम सामुद्रधुनीच्या काठाच्या काँग्सफियॉर्डमध्ये, भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४ च्या जुलैत इंडआर्क नावाची वेधशाळा पाण्यात सोडली, १९२ मीटर खोलीवर. गोड्या पाण्याचा थर कुठे संपतो आणि अटलांटिकचं ऊबदार पाणी कुठून आत येतं, हे तिच्यावरची तापमानाची आणि खारेपणाची यंत्रं टिपत राहतात. ठरावीक काळानं ती वर काढतात, आकडे उतरवून घेतात आणि पुन्हा सोडतात. ज्या संस्थेचं हे काम, ती गोव्यात वास्कोला आहे.